८० हजारांत डिझाईनसाठी काय घ्यायचं: आधी डोळा अन् हात, मग बाकी मशीन

तुझा प्रश्न दोनदा वाचला बेटा. डिझाईनच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, यवतमाळकडून येऊन नागपुरात रूम करून राहतेस, वडिलांनी कापसाच्या पैशातून ८० हजार बाजूला काढले अन् एकदाच काय ते घ्यायचं आहे. सीताबर्डीच्या बाजारातला दुकानदार म्हणतो गेमिंग लॅपटॉप घ्या, ग्राफिक्स कार्ड मोठं असलं की डिझाईन पळतं. सिनियर म्हणतो थोडं कर्ज काढ पण मॅकच घे. रूममेट म्हणते आयपॅडवर सगळं होते. अन् शेवटी तू विचारलंस की मशीनमुळे कामात खरंच फरक पडतो का, का नुसतं लोक बोलतात.

पडतो, खूप पडतो. पण दुकानात ज्या गोष्टीचे पैसे लावून राहिले तिथे कमी पडतो, अन् ज्या गोष्टी डब्यावरच्या स्टिकरवर लिहिलेल्याच नसतात तिथे जास्त पडतो. स्टिकरवर काय असतं, प्रोसेसर कोणता, कार्ड कोणतं, किती जीबी. स्क्रीन रंग किती दाखवते हे नसतं, पेन हळू ओढला तर रेघ थरथरते का हे नसतं, अन् मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुझ्या रूममध्ये हे मशीन किती वेगाने चालेल हे तर कोणीच लिहीत नाही. मी २००३ मध्ये नागपूरच्या महाल भागात एका प्रेसमध्ये कामाला लागली, तेव्हा पेंटियम ४, २५६ एमबी रॅम अन् १५ इंचाचा डब्यासारखा मॉनिटर होता, फोटोशॉप ७ उघडायला वेळ लागायचा तेवढ्यात चहा येऊन जायचा. त्यानंतर लग्नपत्रिका केल्या, फ्लेक्स केले, आता पुस्तकांची कव्हरं, पॅकेजिंग अन् मुलांच्या पुस्तकांतली चित्रं करते. इतक्या वर्षांत मशीनं पुष्कळ बदलली अन् पैसे पण चुकीच्या जागी घातले, म्हणून जरा लांबण लावून सांगते.

सगळ्यात आधी स्क्रीन. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एक लॅपटॉप घेतला, त्या वेळचा चांगला दमदार प्रोसेसर, रॅम भरपूर, पण स्क्रीन स्वस्तातली टीएन, म्हणजे बाजूने पाहिलं की रंग पलटणारी. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथल्या एका छोट्या प्रकाशनाचं पोस्टर माझ्याकडे आलं. निळा रंग. आता त्या दिवशी त्या मैदानावर निळ्या रंगाला काय अर्थ असतो हे नागपूरकराला सांगायची गरज नाही. माझ्या स्क्रीनवर तो निळा फिका दिसे म्हणून मी त्याला अजून गडद, अजून भरीव करत गेली, अन् दोन हजार पोस्टर छापून आले ते जांभळे. निळे नाही, सरळ जांभळे. रात्री अकरा वाजता गठ्ठा उघडला अन् माझ्या पोटात गोळा आला. प्रेसवाल्याशी भांडली, मग शांतपणे फाईल पाहिली तर चूक माझीच होती, पुन्हा छापायचे पैसे मी भरले.

झालं काय होतं ते समजून घे कारण हे तुझ्यासोबत होणारच. स्क्रीन उजेडाने रंग करते, लाल हिरवा निळा, अन् छपाई शाईने करते, सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा अन् काळा. स्क्रीनवरचा तो झगझगीत निळा शाईत मुळात बनतच नाही. सायन १०० अन् मॅजेंटा १०० टाकलं की कागदावर जांभळट येते. निळा निळाच राहायला पाहिजे तर मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० ने कमी ठेवायचा, मी सायन १०० ला मॅजेंटा ६५-७० च्या वर जात नाही. असंच आपल्या संत्र्याच्या रंगाचं. स्क्रीनवर संत्री पेटल्यासारखी दिसते, कागदावर विटकरी होते, तिथे पिवळा १०० अन् मॅजेंटा ५०-५५ च्या आसपास ठेवायचा अन् सायनचा एक टिपूस पण आत येऊ द्यायचा नाही, पाच टक्के सायन आला तरी मळका दिसतो. हे आकडे माहीत असले तर वाईट स्क्रीनवर पण निभतं, पण माझी स्क्रीन खोटं बोलून राहिली होती अन् मी तिच्यावर विश्वास ठेवून आकडे बदलत गेली.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचार, की ही स्क्रीन एसआरजीबी किती टक्के आहे. एसआरजीबी म्हणजे १९९६ मध्ये एचपी अन् मायक्रोसॉफ्टने मिळून ठरवलेली रंगांची एक हद्द, वेबवरची जवळपास सगळी चित्रं आजही तिच्यातच असतात. स्वस्त अन् मध्यम लॅपटॉपवर पुष्कळदा ४५ टक्के एनटीएससी असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, एनटीएससी म्हणजे टीव्हीच्या काळातली जुनी रंगांची हद्द. त्याचा अर्थ एसआरजीबीचे साठ-पासष्ट टक्केच रंग दिसणार, बाकीचे एक तृतीयांश रंग त्या स्क्रीनमध्ये नाहीतच. अन् गंमत म्हणजे गेमिंग म्हणून विकले जाणारे कितीतरी लॅपटॉप कार्ड तगडं देतात अन् स्क्रीन हीच देतात, कारण गेम खेळणाऱ्याला फ्रेम पाहिजे, रंग नाही. तुला १०० टक्के एसआरजीबी, किंवा ७२ टक्के एनटीएससी लिहिलेलं असेल तर ते जवळपास तेच, आयपीएस पॅनल, म्हणजे बाजूने पाहिलं तरी रंग न पलटणारं, अन् ३०० निट्स किंवा जास्त ब्राईटनेस, एवढं पाहिजे. ओएलईडी मिळाली तर सुंदर असते, काळा रंग खरोखर काळा दिसतो, पण ती मूळ सेटिंगमध्ये रंग जरा जास्तच भडक दाखवते, तिला एसआरजीबी मोडवर आणून काम करायचं, नाहीतर तुला वाटेल चित्र झकास झालं अन् दुसऱ्याच्या फोनवर ते मेलेलं दिसेल.

अजून दोन गोष्टी फुकटच्या आहेत. एक म्हणजे रात्री डोळ्याला त्रास नको म्हणून जो पिवळा फिल्टर लागतो ना, नाईट लाईट का काय, तो काम करताना बंद. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका पोराची सगळी चित्रं निळसर यायची, आम्ही आठ दिवस डोकं लावलं, शेवटी निघालं की त्याचा फिल्टर संध्याकाळी सातला आपोआप चालू होई अन् तो रंगकाम रात्रीच करे. दुसरं म्हणजे ब्राईटनेस. सगळे पूर्ण वर ठेवून काम करतात अन् मग म्हणतात प्रिंट काळपट आलं. प्रिंट काळपट नसतं, तुझी स्क्रीन ट्यूबलाईट झालेली असते. छपाईच्या कामाला १०० ते १२० निट्स पुरे होतात, स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरायचा अन् दोन्ही साधारण सारखे दिसतील इथपर्यंत ब्राईटनेस खाली आणायचा. रंग मोजायचं यंत्र मिळतं, कॅलिब्रेटर म्हणतात, स्क्रीनवर ठेवलं की ते पांढऱ्याची छटा ६५०० केल्विनला अन् उजेड-अंधाराचा उतार, म्हणजे गॅमा, २.२ ला लावून देतं. एकटीने घ्यायला महाग आहे पण वर्गातल्या सात-आठ जणांनी मिळून एक घ्या, महिन्यातून एकदा फिरवा, तुमच्या सगळ्यांच्या कामात जेवढा फरक याने पडेल तेवढा कोणत्याच ग्राफिक्स कार्डाने पडणार नाही.

आता हात. तू लिहिलंस की सध्या माऊसने करून राहिली. बेटा, आधी पेन टॅबलेट घे, म्हणजे जिच्यावर पेन फिरवला की रेघ कॉम्प्युटरवर उमटते ती पाटी, लॅपटॉप एक महिना उशिरा घेतला तरी चालेल. बिनस्क्रीनचा छोटा टॅबलेट चार-पाच हजारात येतो, वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन कोणाचाही. डब्यावर ८१९२ प्रेशर लेव्हल, म्हणजे पेनाच्या दाबाच्या पायऱ्या, १६ हजार लेव्हल असं मोठ्याने लिहिलेलं असतं, त्याला भुलू नको. २०४८ अन् ८१९२ मधला फरक हाताला कळत नाही. हाताला कळतं ते हे की पेन किती हलका टेकवला तर रेघ उमटायला सुरुवात होते. चांगल्या पेनात नुसतं पिसासारखं टेकवलं की केसासारखी रेघ येते, वाईटात थोडा जोर द्यावा लागतो अन् रेघ एकदम जाड सुरू होते, मग डोळ्याच्या पापण्या, केसांची टोकं, साडीच्या काठावरची नक्षी, असं काहीच नीट निघत नाही. हे कोणत्याच आकड्यात नसतं, हातात घेऊनच कळतं.

दुसरी चाचणी म्हणजे हळू तिरपी रेघ. पट्टी ठेव टॅबलेटवर अन् तिला धरून पेन अगदी गोगलगायीसारखा सरकव. स्क्रीनवर रेघ सरळ आली पाहिजे, नागासारखी वळवळायला नको. भरभर ओढलेली रेघ सगळ्याच टॅबलेटवर चांगली दिसते, खरं रूप हळू रेघेत कळतं. अन् इथे एक गोष्ट सांगते जी मला कळायला दोन वर्षं लागली. माझं जुनं ऑफिस महालात एका जुन्या वाड्यात होतं, वायरिंग जुनी, अर्थिंग नावालाच. तिथे माझी रेघ नेहमी थरथरायची. मी ड्रायव्हर बदलले, केबल बदलली, मला तर वाटायला लागलं की माझाच हात कापतो, डॉक्टरकडे जायचं का असा विचार पण केला. एक दिवस लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला अन् रेघ एकदम लोण्यासारखी. चार्जर लावला की परत थरथर. पेनचं सगळं काम अतिशय बारीक चुंबकीय सिग्नलवर चालतं, अन् अर्थिंग नसली की चार्जरचा विजेचा गोंगाट त्या सिग्नलमध्ये घुसतो. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला अन् बारीक झिणझिण आली तर समज की हाच प्रकार आहे. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतली अन् दोन वर्षांचा त्रास एका दुपारी संपला. तुझ्या रूममध्ये पण आधी हे पाहून घे, घरमालकाला सांग.

टॅबलेट लावल्यावर सेटिंगमध्ये त्याचा आकार स्क्रीनच्या प्रमाणात बांधून घे, नाहीतर तू गोल काढशील अन् येईल अंडं. दोन स्क्रीन जोडल्या असतील तर टॅबलेट एकाच स्क्रीनला लाव. आणि रेघ पेनाच्या मागून रखडत येत असेल तर लगेच मशीनला दोष देऊ नको, ब्रशमध्ये स्मूदिंग किंवा स्टॅबिलायझर किती ठेवलं ते पाह्य, ते वाढवलं की सॉफ्टवेअर मुद्दामच रेघ थांबवून थांबवून काढतं. स्क्रीनचा रिफ्रेश रेट पण इथे थोडा येतो, ६० हर्ट्झला नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं अन् १२० हर्ट्झला ८.३ ने, चित्र काढणाऱ्याला हा फरक जाणवतो पण त्याच्यासाठी रंग सोडून देऊ नको. मे महिन्यात हात चिकटतो तेव्हा दोन बोटांचा सुती हातमोजा घाल, जुन्या मोज्याचा कापून केला तरी होतो.

रॅमचा हिशोब मी तुला करूनच दाखवते म्हणजे कोणी काही सांगितलं तरी तू स्वतः मोजशील. ए३ कागद ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल होतो, जवळपास पावणेदोन कोटी. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, लाल हिरवा निळा अन् पारदर्शकता, म्हणजे चित्राचा एक पूर्ण भरलेला थर, लेयर, ७० एमबी. असे ४० लेयर झाले की पावणेतीन जीबीच्या वर गेलं. १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक पायऱ्यांत, काम करशील तर दुप्पट. वरून हिस्ट्री, म्हणजे मागे जायच्या पायऱ्या, फोटोशॉप त्या पन्नास-पन्नास जपून ठेवतं. त्यात ब्राऊजरमध्ये रेफरन्सचे वीस टॅब उघडे, व्हॉट्सअ‍ॅप, गाणी. ८ जीबी तिथेच संपली. १६ जीबी म्हणजे आजची कमीत कमी गरज, अन् लॅपटॉप घेताना रॅमची एक जागा मोकळी आहे का हे विचार, कारण कितीतरी पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

पण रॅमच्या आधी फाईलचा आकार. पोळा झाला, मारबतीची मिरवणूक निघाली की गणपती, नवरात्र, मग धम्मचक्र प्रवर्तन दिन अन् दिवाळी, नागपुरात फ्लेक्सवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, अन् दर सीझनला कोणीतरी नवं पोरगं फोन करते की मॅडम मशीन हँग होऊन राहिलं, काहून होते समजत नाही. विचारलं की कळते, त्याने १० बाय २० फुटाचा फ्लेक्स ३०० डीपीआयला उघडलेला असतो, कारण कॉलेजात सांगितलं की प्रिंट म्हणजे ३००. आता गणित कर. ३६ हजार गुणिले ७२ हजार पिक्सेल, सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, एक लेयर दहा जीबीच्या वर! कोणतं मशीन पेलेल हे? फोटोशॉपची साधी पीएसडी फाईल तर एका बाजूला ३० हजार पिक्सेल अन् एकूण २ जीबीच्या पुढे जातच नाही, त्याला पीएसबी या मोठ्या फाईलींच्या प्रकारात सेव्ह करावं लागते. तोच फ्लेक्स ७२ डीपीआयला केला तर ८६४० गुणिले १७२८०, एक लेयर ६०० एमबी, सतरा पट हलका, अन् चौकात पंधरा-वीस फुटांवरून पाहणाऱ्याला काडीचा फरक दिसत नाही. तेव्हा हातात पुस्तक धरून पाहणार का रस्त्यावरून पाहणार, हे आधी ठरव. निम्म्या लोकांना नवं मशीन नको असतं, फाईल नीट उघडायची असते.

रॅम भरली की फोटोशॉप उरलेलं डिस्कवर लिहायला लागतं, त्याला स्क्रॅच डिस्क म्हणतात, म्हणून एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साधी साटा एसएसडी साडेपाचशे, एनव्हीएमई ही त्याहून वेगवान एसएसडी साडेतीन हजार अन् नवीन तर सात हजार अन् त्याच्याही वर. ५१२ जीबी एनव्हीएमई घे, तिचा पाचवा हिस्सा कायम रिकामा ठेव अन् झालेली कामं बाहेरच्या डिस्कवर टाकत जा, दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. प्रोसेसरबद्दल जास्त बोलत नाही. फोटोशॉपचा ब्रश, इलस्ट्रेटर, कोरल, यांचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे सोळा कोअरच्या गोष्टी ऐकून पैसे वाढवू नको, गेल्या दोन-तीन वर्षांतला मधल्या श्रेणीचा कोणताही घे.

ग्राफिक्स कार्डावर मात्र नीट बोलते कारण दुकानदार तुला तेच विकून राहिला. तो पूर्ण खोटं बोलत नाही. तू ब्लेंडरमध्ये थ्रीडी करशील, त्यातल्या सायकल्स नावाच्या इंजिनने रेंडर करशील, म्हणजे थ्रीडीचं पक्कं चित्र काढशील, आफ्टर इफेक्ट्स अन् व्हिडिओचं काम करशील तर कार्ड लागतं, अन् खूप फरक पडतो, जे चित्र प्रोसेसरवर रात्रभर शिजतं ते एनव्हीडियाच्या बऱ्या कार्डावर जेवण होईपर्यंत होतं. तिथे पण कार्डाच्या नावापेक्षा त्याची स्वतःची मेमरी पाह्य, कारण पूर्ण सीन त्यात मावावा लागतो, नाही मावला तर रेंडर रडत चालतो किंवा मध्येच बंद पडतो. ६ जीबीत शिकता येतं, ८ असली तर बरं. अन् लॅपटॉपमध्ये एक मोठी फसगत आहे, नाव एकच असतं पण वीज किती मिळते त्यावर ताकद ठरते. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपमधलं कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मिळतं, दोन्हीवर स्टिकर सारखंच, अन् काम जमीन-अस्मानाचं. कंपनीच्या साईटवर त्या मॉडेलचे वॅट पाहूनच घ्यायचं. पण तू लिहिलंस की तुला पुस्तकांची चित्रं, पोस्टर अन् पॅकेजिंग करायचं आहे. त्याला फोटोशॉपमध्ये कार्डाचा उपयोग कॅनव्हास झूम करणं, फिरवणं, काही फिल्टर, एवढाच होतो, अन् ते काम प्रोसेसरसोबत येणारं ग्राफिक्स पण करून घेतं. त्या कार्डाचे वीस-पंचवीस हजार स्क्रीनमध्ये घाल.

मॅकबद्दल. स्क्रीन खरोखर उत्तम, बॅटरी चालते, रंगाच्या बाबतीत डोकं शांत राहतं. पण रॅम नंतर वाढत नाही, घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत. एअरला पंखा नाही, जास्त वेळ जड काम चाललं की तो स्वतःला हळू करतो. अन् सगळ्यात मोठी अडचण आपल्या धंद्याची आहे, नागपुरातल्या पुष्कळ प्रेसवाल्यांचं अन् फ्लेक्सवाल्यांचं काम आजही विंडोजवरच्या कोरलवर चालतं, मराठी मजकूर जुन्या श्री-लिपीसारख्या फॉन्टात येतो, फोनवर अन् वेबवर चालतो त्या युनिकोडमध्ये नाही. कोरल मॅकवर परत आलं २०१९ मध्ये, पण प्रेसवाल्याची जुनी फाईल, त्याचे जुने फॉन्ट हे सगळं विंडोजच्या घरातलं आहे. पुण्या-मुंबईच्या एखाद्या स्टुडिओत जायचं असेल तर मॅक ठीक, इथे राहून छपाईचं काम करायचं तर पहिलं मशीन विंडोजचं. आणि त्यासाठी वडिलांच्या डोक्यावर कर्ज नकोच. आयपॅड चित्र काढायला फार गोड आहे, मी स्वतः अंबाझरी तलावावर सकाळी बसून त्यावर स्केच करते, पण प्रोक्रिएट या चित्राच्या अ‍ॅपमध्ये लेयर किती मिळणार हे आयपॅडची रॅम अन् कॅनव्हासचा आकार ठरवतात, मोठ्या कॅनव्हासवर लेयर पटकन संपतात, अन् पॅकेजिंगची डायलाईन, म्हणजे खोका कुठे कापायचा अन् दुमडायचा त्या रेघा, जुने मराठी फॉन्ट, प्रेसला द्यायची फाईल हे शेवटी कॉम्प्युटरवरच करावं लागतं. दुसरं मशीन म्हणून छान.

आता उन्हाळा, हे तुला इतर कोणी सांगणार नाही. मे महिन्यात बाहेर ४५ असतं, रूममध्ये कूलर लावून पण पस्तीस-छत्तीस. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर गेला की जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, अन् खोलीचं तापमान दहा-पंधरा अंश वाढलं की आतलं पण जवळपास तेवढंच चढतं. म्हणजे डिसेंबरमध्ये जे मशीन हरणासारखं पळे ते मेमध्ये अर्ध्यावर येतं, अन् लोक समजतात व्हायरस आला. अति पातळ लॅपटॉपला याचा जास्त त्रास, म्हणून थोडा जाड, मागून अन् बाजूने हवा सोडणारा, दोन पंख्यांचा घे, वजन जरा जास्त असलं तरी चालेल. गादीवर, उशीवर ठेवून काम करायचं नाही, मागून दोन इंच उचलून ठेव. कूलरच्या थेट झोतात मशीन ठेवू नको, आपल्याला गार वाटतं पण ती हवा ओली असते, आतल्या धुळीला ओल लागली की पंख्याच्या जाळीत तिचा लगदा होतो अन् सुकला की सिमेंट. मी दरवर्षी होळीच्या आधी मशीन उघडून साफ करून घेते, दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरवरची गरमी बाहेर काढणारी पेस्ट बदलते, गेल्या वेळी नुसत्या एवढ्यानेच बारा अंश खाली आलं होतं. जड काम, रेंडर, मोठ्या फाईली एक्स्पोर्ट करणं, हे पहाटे किंवा रात्री लावते अन् दुपारी हातानं करायची स्केचेस. लॅपटॉप सतत चार्जरवर राहणार असेल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते ती लाव, गरमीत १०० टक्के भरून ठेवलेली बॅटरी लवकर फुगते.

लाईटचं पण सांगून ठेवते. जूनच्या पहिल्या वादळात विजा कडाडल्या की माझ्याकडे प्लग काढून ठेवायचा नियम आहे, लॅपटॉपचा अन् मॉनिटरचा पण. तू पुढेमागे डेस्कटॉप घेतलास तर यूपीएसशिवाय नाही, अन् ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, कार्डवाल्या मशीनने त्याच्यावर जोर टाकला की लाईट जाताच तोही जातो, मग असून नसून सारखा. सेव्ह होताना लाईट गेली तर फाईल कायमची खराब होऊ शकते, म्हणून महत्त्वाच्या कामात मी फाईलला नवीन नंबर देऊन सेव्ह करते, ०१, ०२, ०३, एक गेली तरी मागची राहते.

तर ८० हजारांचं मी असं करीन. पेन टॅबलेट चार-पाच हजार, आजच. लॅपटॉप पन्नास-पंचावन्नपर्यंत, वेगळं कार्ड नसलेला, १६ जीबी रॅम, एक जागा मोकळी, ५१२ एनव्हीएमई, अन् १०० टक्के एसआरजीबी स्क्रीन. ही स्क्रीन त्या भावात नाहीच मिळाली तर साध्या स्क्रीनचा लॅपटॉप थोडा स्वस्तात घे अन् २४ इंचाचा आयपीएस, १०० टक्के एसआरजीबी बाहेरचा मॉनिटर त्याला जोड, रूमवर रंगाचं काम त्यावर, कॉलेजात नुसतं दाखवायला लॅपटॉप. मला तर हा दुसरा रस्ताच जास्त आवडतो, मॉनिटर सात-आठ वर्षं राहतो, लॅपटॉप बदलला तरी तो तसाच. बाहेरची डिस्क एक. उरतील ते पैसे बँकेत राहू दे, सहा महिन्यांनी तुलाच कळेल की तुझं काम कुठे अडतं, रॅम पाहिजे का मोठा टॅबलेट पाहिजे. भाव दर महिन्याला वर-खाली होतात, रॅमचे तर फारच, म्हणून दोन-तीन दुकानं फिर.

फिरताना पेन ड्राईव्हमध्ये तीन फाईली ने. एक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारा गुळगुळीत ग्रेडियंट, पट्टे पडले किंवा काळोखात सगळं एकच दिसलं तर ती स्क्रीन सोड. दुसरा घरच्यांचा उन्हात काढलेला फोटो, आईच्या चेहऱ्याचा रंग तुला जेवढा पाठ आहे तेवढा कोणत्या चार्टमध्ये नाही, ती आजारी किंवा तांबडी दिसली तर रंग चुकले. तिसरी तुझी स्वतःची सगळ्यात जड फाईल. स्क्रीन खालून, वरून, बाजूने पाह्य, रंग पलटले तर टीएन आहे. टास्क मॅनेजर उघडून मेमरीमध्ये किती जागांपैकी किती भरल्या ते वाच, दुकानदार काहीही म्हणाला तरी तिथे खरं लिहिलेलं असतं. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर अन् सिरीयल नंबर लिहून घे अन् डबा वर्षभर फेकू नको. दुकानात वडील सोबत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेव की कार्ड काहून नको आहे, नाहीतर दुकानदार तुझ्याशी बोलणं सोडून त्यांच्याशीच बोलायला लागेल.